चोवीस आठवडे उलटले तर हायकोर्टच गाठावं लागतं का?

प्रश्न : मी शिरूर तालुक्यात राहते. माझ्या पहिल्या बाळाची आतडी बेंबीतून बाहेर होती. जन्मल्यावर काही दिवसांतच ते गेलं. आता 23 आठवडे पूर्ण झालेत. सोनोग्राफीत पुन्हा तेच, ओम्फॅलोसील, शिवाय हृदयातही दोष दिसतोय. मला गर्भपात हवा आहे. डॉक्टर म्हणतात, नवऱ्याची सही लागेल आणि 24 नंतर हायकोर्टाची परवानगी. नवरा सही करत नाही.

उत्तर : ताई, दुसऱ्यांदा हाच रिपोर्ट वाचणं फार जड आहे. पण हाती दिवस थोडे आहेत, म्हणून थेट कामाचं लिहिते.

नवऱ्याची सही कायद्यात कुठेच मागितलेली नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. तीच नसेल तर मात्र गर्भपात करता येत नाही. घरच्यांनी कितीही आग्रह धरला तरी.

24 आठवड्यांच्या आत असं गंभीर व्यंग असेल, तर दोन नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरेसं आहे. त्यानंतरचा रस्ताही आधी कोर्टाकडे जात नाही. गर्भपात कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार तज्ज्ञ डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाने व्यंग गंभीर असल्याचं निदान केलं, तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मंडळाने निर्णय द्यायचा असतो. मंडळासाठी तुम्हाला पुण्याचं ससून रुग्णालय जवळ. डॉक्टरांकडून चिठ्ठी आजच घ्या.

मंडळापुढे ‘मागच्या वेळीही असंच झालं’ एवढ्याने भागणार नाही. ते याच गर्भाची स्थिती बघतात. आतडी बाहेर, पण त्यांच्यावर आवरण नसलेला वेगळा दोष, गॅस्ट्रोस्कायसिस, बहुतेकदा एकटाच असतो आणि शस्त्रक्रियेने दुरुस्त होऊ शकतो. तिथे नकार येऊ शकतो. ओम्फॅलोसीलसोबत हृदयाचा किंवा गुणसूत्रांचा दोष असला की चित्र बदलतं. म्हणून गर्भाचा इको, म्हणजे त्याच्या हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, गर्भजल तपासणीबद्दल विचारा. पहिल्या बाळाचे कागदही जपा. दोष पुन्हा का आला, हे शोधताना जनुकतज्ज्ञ तेच आधी मागतील. त्या तपासणीत मुलगा की मुलगी हे घरच्या कुणी विचारलं, तर 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

मंडळाने नकार दिला, तर मग हायकोर्ट. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे 33 आठवड्यांच्या गर्भवतीला, मंडळ प्रतिकूल असतानाही परवानगी दिली आणि निर्णय त्या स्त्रीचाच आहे, असं सांगितलं. वकिलाच्या फीची चिंता नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.