तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो, तरी तोंड उघडत नाही. इंजेक्शनने बरं होईल की ऑपरेशन करावं लागेल?

तुम्ही लिहिलंय की वय २६, आठ वर्षं खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला) खाल्ला, तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. वर्षभरापूर्वी तंबाखू बंद केली, आता फक्त सुपारी आणि चुना. एक डॉक्टर इंजेक्शनं घ्या म्हणतात, दुसरे ऑपरेशन सांगतात.

भाऊ, त्या दोन्हींचं नंतर बोलू. आधी तोंडातली सुपारी थुंका.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी चौदा वर्षं दातांचा दवाखाना चालवते. तंबाखू सोडून सुपारीवर आलेला माणूस महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्या खुर्चीत बसतोच. ‘मॅडम, तंबाखू बंद केली बरं, आता नुसती सादी सुपारी.’ चेहऱ्यावर मोठा त्याग केल्याचं समाधान असतं. त्याचं मन मोडवत नाही, पण सांगावं लागतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली असं मी म्हणणार नाही, कारण तंबाखू काही संन्यासी नाही. पण घरात दोन चोर होते, आणि तोंडाला कुलूप लावणारा तुम्ही घरातच ठेवून घेतलात.

तुमच्या वर्णनावरून हा ओरल सबम्युकस फायब्रोसिस वाटतो, म्हणजे गालाचा आतला भाग ताठ होत जाऊन तोंड उघडेनासं होणं. केसपेपरवर ओएसएमएफ लिहितात. मी तुमचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा पक्कं निदान तपासूनच. अक्कलदाढ सुजली, धनुर्वात झाला किंवा जबड्याच्या सांध्यात बिघाड असला तरी तोंड अडकतं. पण आठ वर्षांचा खर्रा आणि हळूहळू कमी होत गेलेलं तोंड म्हटल्यावर मला दुसरं काही चटकन सुचत नाही.

या आजाराची कथा ऐकण्यासारखी आहे. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात तो पाहिला आणि त्याला जे लॅटिन नाव दिलं त्यातच ‘कारण अज्ञात’ या अर्थाचा शब्द होता. पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशींनी आपल्याकडचे रुग्ण नोंदवले. त्यानंतर बरीच वर्षं संशय मिरचीवर होता. १९६० साली मुंबईत उंदरांवर मिरचीतल्या कॅप्सेसिनचे प्रयोगसुद्धा झाले. म्हणजे आपल्या ठेच्यावर आळ आला होता! तिखट लागलं की या रुग्णांच्या तोंडाची आग होते, म्हणून तसं वाटणं साहजिक होतं. पण आग हे आजाराचं लक्षण आहे, कारण नव्हे. आमच्याकडे आजही तोच क्रम चालतो. माणूस आधी मिरची सोडतो, मग सावजीचा रस्सा सोडतो, फारच झालं तर तंबाखू सोडतो. सुपारीचा नंबर शेवटी येतो, तोवर तोंडाचं दार अर्धं लागलेलं असतं.

सुपारीच दोषी हे कशावरून? तैवानमध्ये पानसुपारीत तंबाखू घालत नाहीत, तरी तिथे हा आजार आहे आणि तोंडाचा कॅन्सरही आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनकडच्या भारतीय बायका बहुतेक नुसती सुपारी चघळायच्या, त्यांच्यातही तो सापडला. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीला, एकट्या सुपारीला, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि बिडी-सिगारेटचा धूर त्याच गटात आहेत.

आत काय होतं ते असं समजा. गालाच्या आतल्या पातळ कातडीखाली धाग्यांची सैलसर जाळी असते, म्हणून गाल ताणला जातो. सुपारीतलं अरेकोलिन ही जाळी विणणाऱ्या पेशींना जास्त धागा काढायला लावतं. तिच्यातली तुरट द्रव्यं जुना धागा झडू देत नाहीत. आणि सुपारीत तांबं बरंच असतं. त्या तांब्यावर चालणारं एक एन्झाइम धाग्याला धागा बांधत जातं. अंबाडीचा वाक, म्हणजे सालीचा धागा, सुटा असतो तोवर हाताने कसाही वाकतो, एकदा पीळ देऊन दोर वळला की तोच वाक बैलाला धरून ठेवतो. तुमच्या गालात तो दोर वळून झालाय. बोट आत घालून गालाच्या मागच्या बाजूला, दाढांपाशी चाचपून बघा, उभी ताठ पट्टी हाताला लागेल. ‘मग सुपारी सोडली की दोर आपोआप उलगडेल?’ नाही. वळलेला बहुतेक दोर तसाच राहतो. सोडल्याने नवा वळणं थांबतं, आणि तुमच्या वयात तीच मोठी गोष्ट आहे. आग मात्र बऱ्याच जणांची काही आठवड्यांत कमी होते.

इथे माझी एक चूक सांगते. दवाखाना टाकला त्या पहिल्याच वर्षी एक पोरगा आला, एकोणीस वर्षांचा, जिनिंगमध्ये कामाला. म्हणाला, ‘मॅडम, भाजी तिखट लागते, तोंड आलं असन.’ रांग होती, घाई होती. मी जीभ बघितली, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचं जेल दिलं. खर्रा खातो का विचारलं, त्याने मान हलवली, मी ‘कमी कर’ म्हणाले. बस. गालात बोट घालून पाहिलं नाही, टाळूवर बॅटरी मारली नाही. तीन वर्षांनी तोच पोरगा परत आला तो दाढ दुखते म्हणून, आणि मला दाढेपर्यंत आरसा नेता येईना. टाळू संगमरवरी फरशीसारखा पांढरट, पडजीभ आक्रसून कळीएवढी. जत्रेत मित्रांसोबत गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खायला गेला तेव्हा पुरी तोंडात मावली नाही, सगळे हसले, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं म्हणे. तेव्हापासून ‘तिखट लागतं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचं तोंड मी स्केलने मोजते.

आता इंजेक्शनं. साधारणपणे त्यात हायल्युरोनिडेज हे एन्झाइम आणि एखादं स्टेरॉइड असतं, थेट पट्ट्यांमध्ये टोचतात, काही आठवडे. सोबत लायकोपीनच्या गोळ्या देतात, टोमॅटोला लाल करणारं तेच द्रव्य. सुरुवातीच्या टप्प्यात आग कमी होते, काही मिलिमीटर तोंडही सुटतं, माझ्या रुग्णांत मी पाहिलंय. पण जगभरातल्या चाचण्या चाळून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेनच्या २००८ च्या आढाव्यात कुठल्याच एका उपचाराचा भरवशाचा पुरावा मिळाला नव्हता. इंजेक्शन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. ‘दहा इंजेक्शनांत गॅरंटी’ असं जो सांगेल त्याच्याकडून उठून या, एवढा मात्र नक्की आहे. आणि गालात पुडी ठेवून इंजेक्शन घ्यायला येणारेही असतात. त्यांचे पैसे मी तरी घेत नाही.

ऑपरेशन कधी? मोठ्या माणसाचं तोंड समोरच्या दातांच्या कडांमध्ये साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे आपलीच तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. ते फारच कमी झालं, जेवण-दात घासणं अडलं, औषध आणि व्यायामाने हलेना, की जबड्याचे सर्जन चाकूचा विचार करतात. तोंडच उघडत नसल्याने भूल देणाऱ्याला नळी नाकातून, दुर्बिणीने बघत घालावी लागते, म्हणून हे तिथेच करावं जिथे ती सोय आहे. दोन्ही गालांतल्या पट्ट्या कापतात, अक्कलदाढा काढतात, लागलं तर खालच्या जबड्याच्या हाडाचं वर गेलेलं टोक कापतात. उघड्या पडलेल्या जागेवर गालातलीच चरबी ओढून बसवतात, किंवा नाकाच्या बाजूची कातडी आत वळवतात. ती वळवली तर पुरुषांच्या तोंडात कधीकधी केस उगवतात आणि चेहऱ्यावर वण राहतो. आधी विचारून घ्या कुठलं करणार आहेत.

पण हे सगळं दोन-तीन तासांचं काम. खरं काम त्यानंतर सहा महिने तुमचं आहे, ते कोणी सर्जन करून देत नाही. जखम भरताना आक्रसते, हा तिचा स्वभाव. रोज ताणलं नाही तर तोंड पुन्हा बंद होतं. माझ्याकडून पाठवलेल्या एकाचं तोंड टेबलावर ३८ मिलिमीटर उघडलं होतं, चार महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा २१. ‘इसरलो नाई मॅडम, दुखते ना.’ दुखतंच. दुसऱ्या एका रुग्णाच्या बायकोने मात्र त्याला मोकळं सोडलं नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घेतल्या, एकीवर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, आणि मधे एक नवी सरकवायची. एक काडी जेमतेम दोन मिलिमीटर. सकाळी, दुपारी, रात्री. त्या दिवशी किती काड्या मावल्या ते ती कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या खाली लिहायची. काड्या ठेवायला तिने त्याचाच जुना खर्र्याचा डबा घासून घेतला होता. तो माणूस आज भाकर तोडून नाही, चावून खातो. तुमचं ऑपरेशन ठरो न ठरो, हा काड्यांचा व्यायाम डॉक्टरांना दाखवून आजपासून सुरू करता येईल.

कॅन्सरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, हो, अणूचा अभ्यास करणाऱ्या त्याच संस्थेत, दातांच्या संशोधनाचा एक विभाग होता. त्यांच्या लोकांनी केरळात एर्नाकुलमला गावोगाव फिरून या आजाराचे ६६ रुग्ण १७ वर्षांच्या काळात तपासत ठेवले. त्यातल्या ५ जणांना कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के. बाकीच्यांना तेवढ्या काळात झाला नाही हेही त्याच आकड्यात आहे, तेव्हा घाबरून झोप उडवू नका, पण दर सहा महिन्यांनी तोंड दाखवा. दोन आठवड्यांत न भरणारा फोड, लाल किंवा पांढरा चट्टा, मानेत गाठ, विनाकारण हलायला लागलेला दात, यातलं काही दिसलं तर सहा महिने थांबायचं नाही. डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवतील. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरते’ हे आमच्या बसस्टँडवर सगळ्यांना माहीत असलेलं आणि साफ खोटं वाक्य आहे. उलट तिरुवनंतपुरमला आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन बॅटरीने नुसती तोंडं बघितली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. २००५ साली ते छापून आलं.

सोडायचं कसं, यावर माझ्याकडे जादू नाही. २०१२ ला राज्यात गुटखाबंदी आली, तरी खर्रा पानठेल्यावर समोर पन्नीत घोटून मिळतोच. शेतात जाताना एक, जेवल्यावर एक, आणि ‘त्याच्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे तर प्रत्येकाचं. पहिले दहा-पंधरा दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं. सकाळी उठून कोमट पाणी प्या, पोट होतं. खिशात सुपारी नसलेली बडीशेप ठेवा, मिठी सुपारी आणि पानमसाला नको, त्यातही तीच. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे, तिथले समुपदेशक बोलतात. लग्नात हातावर सुपारी आली तर देवापुढे ठेवून द्या, देवाला चालते.

यवतमाळ-वर्ध्याकडचे असाल तर सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय, नाहीतर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. तिथे ओरल सर्जरी विभागात दाखवा, जुने केसपेपर आणि इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या सोबत न्या, आणि ऑपरेशन निघालं तर जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, बिल झाल्यावर नाही. पण जाण्याआधी आज रात्री आरशासमोर उभं राहून पोराच्या कंपासमधलं स्केल घ्या, वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांच्या कडांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि तारखेसकट लिहून ठेवा. आकडा इथे खाली टाकलात तर पुढचं नीट सांगता येईल.