ती पेंढी हातातून का घेतलीस?

“आमच्याकडे आठ महिन्यांचं मिनिएचर जातीचं शिंगरू आहे. होमस्टेत येणाऱ्या मुलांसाठी ह्यांनीच हौसेनं आणलं. गटारात अडकून त्याचा पुढचा पाय मोडला, आता प्लास्टर आहे. पाच आठवडे मी गोठ्यातच निजते, चवथीला माहेरीही गेले नाही. ह्यांना कसली फिकीर नाही. परवा गवताची पेंढी घेऊन आले, पण त्यांना जमत नाही म्हणून मीच घेतली. शिंगरू माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खातच नाही. ह्यांना कसं समजावू?”
– वाळपईजवळची एक वाचक

अगो बाय, ह्यांचं राहू दे. ती पेंढी हातातून का घेतलीस ते आधी सांग.

पाच आठवड्यांनी का होईना, नवरा पेंढी घेऊन गोठ्यापर्यंत आला. त्यात न जमण्यासारखं काय होतं? गवत पुढ्यात टाकायचं होतं, मंगळागौर पुजायची नव्हती.

आणि ‘माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही’ हे तू कौतुकानं लिहिलंयस. मला ते वाचून घाम फुटला.

मोडलेलं हाडच घोड्याला मारतं असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत बार्बारो नावाच्या शर्यतीच्या घोड्याचा मागचा पाय २००६ मध्ये मोडला. हाड बरंचसं जुळत आलं होतं, पण एवढं धूड बाकीच्या पायांवर तोलून तोलून खुरं आतून सुजली आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला कायमचं निजवावं लागलं. तुझं शिंगरू हलकं, वाढत्या वयाचं. हाड लवकर जुळेल, खुरांचा धोकाही कमी. या बुटक्या जातीचं दुखणं वेगळंच असतं. पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृतात साचते आणि होती ती भूकही मरते. दोन-चार दिवसांच्या उपासानं जिवावर बेतू शकतं. उद्या तू तापानं अंथरूण धरलंस, तर पाय जुळत आलेलं शिंगरू उपाशी राहील. ते कुणामुळे?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली ना तू? शिगम्याला घोडेमोडणीच्या नाचात कमरेला बांधतात तो लाकडी घोडा पाहिलायस. नाचणाऱ्यावाचून तो पाऊलही टाकत नाही. शिंगराचं तू तेच करून ठेवलंयस.

दमलीयस, ते दिसतंच. भर पावसात प्लास्टर कोरडं ठेवायचं, पाय वाढतो म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी ते बदलताना त्याचं डोकं धरून बसायचं, हे सोपं नव्हे. पण दमल्याची तक्रार करायची आणि मदतीला आलेला हात झटकायचा, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

पुढच्या शनिवारी माहेरी जा, एका रात्रीसाठी. तोवर रोज सकाळचं खाणं नवऱ्याच्या हातून. तू गोठ्यात उभी राहा, हात पाठीमागे बांधून. शिंगरू आधी तोंड फिरवील. दुपारपर्यंत तोंड लावलं नाही तर त्याच दिवशी पशुवैद्याला फोन कर, वाट बघत बसू नकोस.

नवरा पेंढी उलटी धरील, अर्धी सांडील. सांडू दे. घोडं खालचंच खातं.