जुन्या संगणकातील आउटलुक एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ईमेल प्रोग्रामच्या डीबीएक्स फायली (ज्यांत तो पत्रे साठवत असे) उघडून त्यातील पत्रे परत कशी मिळवावीत?

प्रथम मूळ फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. आउटलुक एक्सप्रेस प्रत्येक फोल्डरसाठी स्वतंत्र डीबीएक्स फाइल ठेवत असे, त्यामुळे आलेली पत्रे ‘इनबॉक्स’ नावाच्या फायलीत सापडतील; ‘फोल्डर्स’ नावाच्या फायलीत मात्र केवळ फोल्डरांची रचना असते, पत्रे नसतात. विंडोज एक्सपीमध्ये या फायली ‘लोकल सेटिंग्ज’ या लपवलेल्या फोल्डरात असतात, म्हणून नेहमीच्या शोधात त्या बहुधा दिसतच नाहीत.

‘अनडीबीएक्स’ हे मोफत साधन प्रत्येक पत्राची वेगळी ईएमएल फाइल (एका पत्राची स्वतंत्र फाइल) काढून देते, आणि ती थंडरबर्ड या मोफत ईमेल प्रोग्राममध्ये उघडता येते. पुसलेले पत्र डीबीएक्स फाइल ‘कॉम्पॅक्ट’ होईपर्यंत (म्हणजे रिकामी जागा काढून ती आटोपशीर केली जाईपर्यंत) तिच्यातच पडून राहते, म्हणून त्या साधनाचा ‘रिकव्हर’ पर्याय वापरून पाहावा, जरी अशी काही पत्रे अर्धवटच निघत असली तरी. डीबीएक्स फाइल २ जीबी या तिच्या कमाल आकाराच्या आसपास पोचलेली असेल, तर बिघाडाचे कारण बहुधा तीच मर्यादा असते. जुन्या संगणकाची कचरापेटीही रिकामी करू नका: कॉम्पॅक्ट करताना तयार झालेल्या बीएके (राखीव) प्रती कधीकधी तिथेच सापडतात.