सागवानी खुर्च्यांसाठी परदेशी जिग मागवावा का?

सहा सागवानी खुर्च्या करायच्या आहेत, हाताशी ८ मिमी कोलेटचा (बिटचा दांडा धरणारी पकड) प्लंज राउटर, म्हणजे फिरता बिट वरून लाकडात उतरवणारं यंत्र आहे आणि मॉर्टाइज-टेननचा, म्हणजे भोक-कुसवाच्या सांध्याचा जिग (काप नेमका पडावा म्हणून वापरायचा साचा) बाहेरून मागवावा का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या कामासाठी मागवू नका. ली (Leigh) या कॅनडाच्या कंपनीचा एफएमटी हा जिग उत्तमच आहे, पण तो रोज खुर्च्या-टेबलं करणाऱ्यालाच परवडतो. टेबल-सॉवरचा टेनन जिग फक्त कुसू कापतो, भोकाचा प्रश्न तसाच राहतो. ड्रिल-प्रेसला लावायची चौकोनी छिन्नी सागवानात दाबायला फार जोर लागतो. लहान मशीन त्या जोराला लवतं आणि भोक तिरकं जातं.

सुटं कुसू वापरा. खुर्चीच्या पायालाही भोक, बैठकीखालच्या आडव्या पट्टीच्या टोकालाही भोक, आणि दोन्हींत बसणारा वेगळा रंधलेला तुकडा, तेच कुसू. मग एकच जिग पुरतो. १२ मिमी प्लायचा, खाच पाडलेला टेम्प्लेट, खाली काटकोनात फेन्स (लाकूड टेकवायची सरळ फळी), लाकूड दाबून धरायला दोन टॉगल क्लॅम्प. १६ मिमीचा गाइड बुश (राउटरच्या तळाला बसणारी, खाचेतून फिरणारी नळी) आणि ८ मिमीचा बिट धरला तर टेम्प्लेटची खाच १६ मिमी रुंद हवी आणि लांबी भोकापेक्षा ८ मिमी जास्त. म्हणजे ५० मिमीच्या भोकाला ५८. बुश टेम्प्लेटच्या जाडीपेक्षा कमी बाहेर यावा, नाहीतर तो लाकडावर टेकतो. तुमच्या राउटरला बसणारा बुश मिळाला नाही, तर वडोदऱ्यात मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून पितळेचा करून घ्या.

खोली दोन्हीकडे २५ मिमी, कुसू ४८ मिमी लांब. उरलेले २ मिमी गोंदासाठी. एका वेळी ३-४ मिमीच खाली जा आणि भुसा काढत राहा. भुसा अडकला की बिट तापतो, आणि सागवान तशीही धार लवकर मारतं, म्हणून कार्बाइडचा अप-कट स्पायरल, म्हणजे भुसा वर ओढणारा पीळदार बिटच घ्या. कुसवाच्या कडा ४ मिमी त्रिज्येने गोल करा.

खुर्चीची खरी मेख बाजूच्या पट्ट्यांत आहे, कारण बैठक मागे अरुंद होते. पट्टीचं टोक ५ अंशांत कापा, फेन्स आणि पट्टी यांच्यात ५ अंशांची पाचर घाला. भोक त्या टोकाला काटकोनात पडतं आणि पायातलं भोक सरळच राहतं. दुसऱ्या टोकाचा कोन उलट असतो, तिथे पाचर उलटी करा, पट्टी नको. २५ मिमी खोलीत भोक साधारण २.२ मिमी सरकतं. पट्टी २२ मिमी जाड असेल तर ७ मिमीची भिंत तळाशी ४.८ उरते, तेवढी पुरते. १८ मिमीची पट्टी इथे घेऊ नका.

सांध्यात पायरी येते ती बहुतेक वेळा तुकडा उलटा धरल्यामुळे. खाच मध्यापासून अर्धा मिमी जरी सरकली असेल, तरी एक तुकडा पलटला की फरक १ मिमी होतो. बाहेरच्या बाजूवर पेन्सिलीने खूण करा आणि तीच बाजू कायम फेन्सकडे ठेवा. पट्टी पायापासून ४ मिमी आत हवी असेल तर ४ मिमीचा तुकडा पट्टीत भोक पाडताना फेन्सला लावा, पायात पाडताना नाही.

कुसू हाताने दाबून आत जावं आणि तुकडा उलटा धरला तरी पडू नये. हातोडी लागली तर गोंद खरवडला जातो आणि सांधा कोरडा राहतो. कुसवं आत्ताच रंधून ठेवू नका. जुलैच्या दमट हवेत ती फुगतात. जोडायच्या दिवशीच शेवटचा हात फिरवा.