रीब्रीदर घेऊन डायव्हिंग करणं कितपत सुरक्षित आहे?

साध्या स्कूबावर शंभरेक डाइव्ह झाल्यात, आता रीब्रीदरकडे वळावं का, असं तुम्ही विचारलंय. मी सात वर्षं तो वापरतोय. वळा, पण घाई नको.

स्कूबात काही बिघडलं की बहुतेक वेळा कळतं. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारा भाग) फसफसतो, हवा संपत आली की श्वास ओढायला जड जातो. रीब्रीदर गुपचूप बिघडतो. तो तुमचाच उच्छ्वास फिरवून परत देतो: सोडा लाइमच्या डब्यात (याला स्क्रबर म्हणतात) कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि शरीराने वापरला तेवढा ऑक्सिजन नव्याने सोडला जातो. हा ऑक्सिजन येणं थांबलं तरी गुदमरत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तो तर काढून टाकला जातोय. माणूस मजेत पोहता पोहता बेशुद्ध होतो. उलट ऑक्सिजन जास्त झाला तर झटके येतात, तोंडातून माउथपीस सुटतो. पुढचं सांगायला नको.

'पण ऑक्सिजन मोजणारे तीन-तीन सेन्सर असतात ना?' असतात. एकदा ६ मीटर खोलीवर मी यंत्रातला वायू काढून शुद्ध ऑक्सिजन भरून पाहिला. तिन्हींवर ऑक्सिजनचा दाब १.६ बार यायला हवा होता. दोन जुने सेन्सर १.२ वर अडकले, नव्यावर १.६ आलं. यंत्राने बहुमत धरलं आणि नव्यालाच नापास केलं! सेटपॉइंट, म्हणजे यंत्राने राखायचा ऑक्सिजनचा दाब, १.३ होता, त्यामुळे १.२ बघून यंत्र ऑक्सिजन सोडतच राहिलं असतं. बेलआउटवर, म्हणजे सोबतच्या साध्या सिलिंडरवर आलो आणि डाइव्ह तिथेच संपवली. चूक माझीच. जुने सेन्सर 'अजून चालतायत' म्हणून ठेवले होते. आता प्रत्येकावर मार्करने तारीख लिहितो.

मला स्वतःला मात्र सगळ्यात जास्त भीती कार्बन डायऑक्साइडची वाटते. स्क्रबरमधले दाणे नीट ठोकून बसवले नाहीत तर वायू फटीतून तसाच निघून जातो. स्क्रबर ठीक असला तरी खोलवर दाट झालेला वायू ओढत अंगमेहनत केली की कार्बन डायऑक्साइड शरीरात साचतो. २००५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या विवरात सुमारे २७० मीटर खोलीवर डायव्हर डेव्ह शॉ यांचा असाच अंत झाला. एकदा धाप लागली की माउथपीस काढून दुसरा तोंडात घालण्याइतकीही उसंत मिळत नाही. म्हणून माउथपीसमध्येच बेलआउट व्हॉल्व्ह (तोंडातून काहीही न काढता बेलआउटवर वळवणारा) असलेलं यंत्र बघा.

आकडा हवा असेल तर डॉक्टर अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० मधले रीब्रीदरवरचे १८१ मृत्यू तपासून जोखीम स्कूबाच्या सुमारे दहापट असल्याचा अंदाज मांडला होता. ढोबळच आहे, पण मला तो अवाजवी वाटत नाही.

यंत्र सावकाश घ्या. तोवर बाजूला जादा सिलिंडर लावून पोहायची सवय करा, तीही डोळे मिटून त्याचा रेग्युलेटर हाताला लागेपर्यंत.