इतकी वर्षं कोकोबोलो लाकडाची गिटारं बनवली, काही झालं नाही. आता अचानक पुरळ का येतंय?

बहुधा त्याच लाकडाची अ‍ॅलर्जी. ती पहिल्या दिवशी यावी असं काही नसतं. कोकोबोलो आणि रोझवूड या डालबर्जिया गटातल्या लाकडांत क्विनोन वर्गातली, अ‍ॅलर्जी आणणारी रसायनं असतात. पॉलिशपेपर मारताना उडणारा बारीक भुसा घामेजल्या त्वचेवर बसतो, शरीर हळूहळू संवेदनशील होतं आणि मग चिमूटभरही पुरतो. मनगटाची आतली बाजू, गळ्याची घडी, पापण्या आधी खाजतात. नुसत्या मास्कने भागणार नाही. पूर्ण बाह्या हव्यात, भुसा जागीच ओढून घेणारं यंत्रही. मात्र इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून वापरायचा गोंद) वापरत असाल तर लाकडावर आळ घेण्याची घाई नको: न सुकलेलं रेझिन आणि हार्डनर हुबेहूब असंच पुरळ आणतात. त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून अ‍ॅलर्जी कशाची ते पाहणारी तपासणी) करून घ्या. धाप लागत असेल तर आधी काम थांबवा.