सोडियम चॅनल बिघडलंय, मग मीठ बंद करायचं का?

प्रश्न: ताई, आम्ही सिडको, नाशिकला राहतो. माझा पुतण्या दीड वर्षाचा आहे, सातव्या महिन्यात तापात फिट आली ती २० मिनिटं थांबेचना, आता जीन टेस्टमध्ये ड्राव्हे सिंड्रोम (लहानपणीच सुरू होणारा फिटचा आजार), सोडियम चॅनलचा दोष असं आलंय. आई म्हणते पोराचं मीठ बंद करा. करायचं का?

उत्तर: नाही हो, अजिबात नको, मिठाचा ह्याच्याशी काही संबंध नाही. चॅनल म्हणजे मज्जापेशीच्या पडद्यातला दरवाजा, गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरीत पाणी कसं धावतं तसं हा उघडला की सोडियम आत घुसतं, जेमतेम मिलिसेकंदभर, तेवढ्यात सिग्नल पुढे जातो, मग पोटॅशियम बाहेर पडून पेशी शांत. मग ह्या आजारात दरवाजे कमी पडले तर मेंदू गप्प बसायला हवा, फिट कशी येते? खरी गोम इथेच आहे. एससीएन१ए नावाच्या जीनवरून बनणारे हे दरवाजे मुख्यतः ब्रेक लावणाऱ्या पेशींना लागतात, त्याच ढिल्या पडल्या की बाकीच्या मोकाट सुटतात. म्हणून कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिनसारखी सोडियम चॅनल अडवणारी फिटचीच औषधं ह्या मुलांचा त्रास बऱ्याचदा वाढवतात, रिपोर्ट घेऊन मुलांच्या न्यूरोलॉजिस्टला नक्की विचारा पण मनाने कुठलंच औषध थांबवू नका. ताप आणि कढत पाण्याची आंघोळ सांभाळा, फिट ५ मिनिटांवर गेली की थेट हॉस्पिटल. आणि वहिनींना सांगाच, जीनमधला हा बदल बहुतेक मुलांमध्ये आईवडिलांकडून न येता नव्याने झालेला असतो, त्यांच्या गरोदरपणातल्या खाण्यापिण्याने नाही.